हुंगून दिलेली गाडी

माझ्या साडूंना त्यांच्या धंद्यातले लोक नाकोजी म्हणत. नाक मोठं होतं म्हणून नाही, ते बेताचंच होतं. पण जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींचा त्या नाकावर जेवढा विश्वास होता, तेवढा स्वतःच्या डोळ्यांवर नसेल. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. त्यामुळे हा माणूस मला जवळून पाहायला मिळाला.

गल्लीच्या टोकाला, टायरवाल्याच्या दुकानाला लागून त्यांचं गॅरेज होतं. वर राहायच्या दोन खोल्या, खाली काम. आत एका वेळी एकच गाडी मावायची. भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले, फरशी रोज पुसलेली, आणि कोपऱ्यात वाळूच्या दोन बादल्या. कार्ब्युरेटर नसलेली गाडी ते आत घेत नसत. माझी साधी नवी गाडी बाहेर उभी दिसली की म्हणायचे, "तुमची ती शिवणयंत्राची पेटी जरा पुढे घ्या, साडू. गिऱ्हाईक बिचकतं."

कार्ब्युरेटर म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. टाकीतलं पेट्रोल पंप ओढून आणतो आणि इंजिनाशेजारच्या एका लहानशा भांड्यात भरतो. भांड्यात एक फ्लोट तरंगत असतो. भांडं भरलं की फ्लोट वर येतो आणि एक बारीक सुई पेट्रोलचं तोंड बंद करते. घरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू असतो, तसलाच प्रकार. मात्र त्या सुईचा जीव केवढासा! पेट्रोल मागून हळू आलं तर ती त्याला अडवते. जोरात आलं तर तीच मागे सरते, भांडं ओसंडतं आणि पेट्रोल बाहेर गळायला लागतं. खाली असतो एक्झॉस्टचा पाइप, तव्यासारखा तापलेला. म्हणून मागचा जोर, म्हणजे प्रेशर, आवरून धरावं लागतं.

साडूंनी ते जन्मभर नाकाने धरलं. गाडी तयार झाली की ते एक कोरडं पांढरं फडकं दोन्ही कार्ब्युरेटरच्या भांड्यांवरून, सांध्यांवरून फिरवत आणि हुंगत. मग गाडीत बसून काचा वर करत, इंजिन चालू ठेवून डोळे मिटत. बाहेर मालक श्वास रोखून उभा. थोड्या वेळाने साडू उतरत आणि म्हणत, "न्या." बस्स. त्या एका शब्दासाठी लोक लांबून गाड्या आणत. कुणी जुनी गाडी विकायला काढली, तर किंमत सांगण्याआधी सांगे, "नाकोजींनी हुंगून दिलेली आहे."

आता जी गोष्ट मला सगळ्यात शेवटी कळली, ती आधी सांगतो. ह्या प्रसंगाच्या बऱ्याच आधी साडू तापाने अंथरुणाला खिळले होते. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. एकदा गॅसवर दूध उतू जाऊन करपून कोळसा झालं, आणि ते शेजारी बसून पेपर वाचत होते. बायको धावत आली तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?" तिला तिथेच कळलं.

डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. आला नाही. आणि साडूंनी कुणाला सांगितलं नाही. न सांगण्याचं कारण लबाडी नव्हतं. लोक गाडी त्यांच्याकडे नाही, त्यांच्या नाकाकडे आणत होते, आणि ते नाक गेलं म्हटल्यावर खाली गॅरेज आणि वर घर दोन्हींचं काय होणार, हे त्यांना दिसत होतं. तेव्हा नवरा-बायकोने मिळून एक सोय केली. साडू फडकं फिरवत, हुंगल्यासारखं करत. तेवढ्यात ताई, म्हणजे माझी मेव्हणी, चहा घेऊन खाली येई. "द्या इकडे ते घाणेरडं," असं म्हणून फडकं हातातून काढून घेई आणि जाता जाता हुंगे. वास नसला तर फडकं खुंटीला टांगायचं. वास असला तर धुण्याच्या बादलीत टाकायचं. खुंटी म्हणजे "न्या". बादली म्हणजे "अजून थोडं काम आहे". ही पद्धत इतकी बिनबोभाट चालली की खुद्द त्यांच्या मुलीला तिचा पत्ता नव्हता.

ती मुलगी गावातच दिली होती. व्याही गृहस्थ मोठे हौशी. घरात दोन कार्ब्युरेटरची एक जुनी गाडी, हिरव्या रंगाची, नव्या नवरीसारखी जपलेली. ते मुलगी बघायला आले तेव्हा मुलीपेक्षा तिच्या बापाचं गॅरेजच जास्त वेळ पाहत होते, असं ताई हसून सांगायची. बोलायला गडगडाटी, मनाने चांगले, पण दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही. त्या वर्षी घाटमाथ्यावर जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता. व्याह्यांनी जाहीर करून टाकलं की गाडी तर येईलच, आणि तिच्यात बसून बायको, सून आणि नातूही येतील. जावई कामामुळे नंतर बसने यायचे होते.

मेळावा तोंडावर आला आणि गाडीचा जुना पंप बसला. व्याह्यांनी साडूंना न विचारता एक विजेवर चालणारा पंप आणला. चांगला दणकट, दुसऱ्याच कुठल्या मोठ्या गाडीचा.

"अहो व्याही," साडू तो पंप हातात तोलत म्हणाले, "हा घोडा तुमच्या टांग्याला जुंपला तर टांगा पळणार नाही, उलटेल."

"मग लगाम घाला की. ते तुमचं काम."

लगाम म्हणजे रेग्युलेटर. मुठीत मावणारी एक डबी. पंपाचा जोर तिच्यात शिरतो आणि हवा तेवढाच पुढे जातो. तिच्यावर आकड्यांची एक चकती असते. साडूंनी तो बसवला, चकती अडीच पौंडांवर आणली आणि कपाटाकडे वळले. त्या कपाटात गेज होतं. चकतीवरचे आकडे हे नुसते आकडे असतात, खरं प्रेशर किती आहे ते गेजची सुईच सांगते, हे त्यांना माहीत होतं. नाक गेल्यापासून त्यांनी ते गेज मुद्दाम विकत आणून ठेवलं होतं, आणि गिऱ्हाईक नसताना गुपचूप वापरतही होते.

मी त्या सकाळी माझ्या गाडीच्या चाकात हवा भरायला टायरवाल्याकडे आलो होतो आणि चहाच्या आशेने आत डोकावलो होतो. गेजचा डबा पाहून व्याही मोठ्याने हसले आणि माझ्याकडे वळले.

"हे काय! वैद्यबुवांनी नाडी सोडून थर्मामीटर काढला? साडूसाहेब, तुम्हीच सांगा ह्यांना. मेळाव्यात मी काय सांगू, गाडी हुंगून दिली की मोजून दिली? आणि चला आटपा, ऊन चढायच्या आत घाट चढायचाय. नातू घरी बूट घालून बसलाय."

साडूंनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कपाट बंद केलं आणि खिशातून फडकं काढलं.

ताई चहा घेऊन आली. तिने फडकं घेतलं, तोंडाजवळून नेलं आणि खुंटीला टांगलं. साडू गाडीत बसले, डोळे मिटले. शेजारी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता. थोड्या वेळाने ते उतरले.

"न्या," ते म्हणाले.

व्याह्यांनी पाठीवर थाप मारली आणि गाडी नेली.

साडू हात धुवायला बसले. हाताचं काळं काढायला ते आधी थिनर वापरत. थिनरचा डबा उघडला की ताई दारातूनच ओरडायची, डोकं उठतं म्हणायची, हे मी कित्येकदा पाहिलं होतं. त्या दिवशी ती त्यांच्या अगदी जवळ उभी होती, उघड्या डब्याला पाय लागेल इतकी जवळ. कपबशा गोळा करत होती. काही बोलली नाही. माझे मात्र डोळे चुरचुरत होते.

साडूंचे हात थांबले.

"अगं," ते म्हणाले, "वास नाही येत तुला?"

तिने कपबशा खाली ठेवल्या. मग म्हणाली, "सकाळपासून नाक चोंदलंय. सर्दी झालीय."

"मग फडकं खुंटीला कसं टांगलंस?"

"व्याही उभे होते समोर. बादलीत टाकलं असतं तर तुम्ही पुन्हा सगळं उघडून बसला असता, आणि ते बोलले असते. मुलीच्या सासरचं माणूस. आणि मला वास आला नाही हे काही खोटं नाही."

मला ह्यातलं अक्षर कळेना. साडूंनी मला काही समजावलं नाही. त्यांनी खुंटीवरचं फडकं काढून माझ्या नाकाशी धरलं.

"सांगा."

फडकं एव्हाना वाळलं होतं. तरी एका कोपऱ्याला वास होता. पुसट, पण पेट्रोलचाच.

"येतोय," मी म्हणालो. "पण तुम्ही मला काय विचारता?"

त्यांनी कपाटातून गेजचा डबा काढला, दोन पाने खिशात कोंबले. ताईने तोवर मुलीला फोन लावला होता. घंटा वाजत राहिली. व्याह्यांना लावला, तो बंद. व्याही गाडी चालवताना फोन बंद ठेवायचे आणि इतरांनाही बोलू द्यायचे नाहीत, इंजिन ऐकू येत नाही म्हणून.

"साडू, तुमची पेटी काढा," ते म्हणाले. त्या नावाने त्यांनी कितीदा चेष्टा केली असेल. त्या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

वर सांगितलेली सगळी हकिगत, ताप, दूध, खुंटी आणि बादली, मला गावाबाहेर पडेपर्यंतच्या रस्त्यात कळली. ते समोर बघत एकेक वाक्य सांगत होते. मध्येच म्हणाले, "सपाटीवर काही होणार नाही. सुई कशीबशी धरून ठेवील. घाटात इंजिन तापेल, हादरे बसतील, तिथे सोडेल."

"पण गळायला लागलं तर त्यांना वास येईल की," मी म्हणालो. "गाडीत मोठी माणसं तीन आहेत. थांबतील."

"हो," ते म्हणाले. "थांबायला हवेत."

घाट सुरू झाला. एक बाजू कातळाची, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा. प्रत्येक वळणावर साडू पुढे वाकून वर पाहत. काय शोधत होते ते मी विचारलं नाही, कारण मीही तेच शोधत होतो. एका ठिकाणी वरच्या झाडीतून राखाडी काहीतरी उठताना दिसलं आणि मी ब्रेक दाबला. रस्त्याचं काम चालू होतं, डांबर तापवत होते. साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी गाडी पुन्हा पुढे घेतली.

निम्मा घाट चढल्यावर, कठड्याजवळच्या रुंद जागेत, हिरवी गाडी उभी दिसली.

विहीणबाई आणि मुलगी बाहेर कठड्याला टेकून उभ्या होत्या. मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. व्याही गाडीतच होते, चालकाच्या जागेवर, आणि त्यांच्या मांडीवर नातू. पोरगं स्टीअरिंग धरून तोंडाने भुर्र करत होतं.

"अरे वा!" आम्हाला पाहून व्याही खिडकीतून ओरडले. "निरोप द्यायला एवढ्या लांब? जरा तापून बंद पडलीय, दम खातेय. पंप चालू ठेवलाय, भांडी भरली की मारतो स्टार्टर."

मी गाडी बंद केली तेव्हा ऐकू आलं. टक टक टक टक. मागे टाकीजवळून येत होतं. साडूंनी नंतर मला सांगितलं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मला तेव्हाच अंदाज आला. भांडी भरली की ती टकटक मंदावायला हवी. ती मंदावत नव्हती. म्हणजे पेट्रोल चाललं होतं, आणि भांड्यात थांबत नव्हतं. सकाळी कॉम्प्रेसरच्या धडधडीत ती टकटक ऐकूच आली नव्हती. गाडीच्या पोटाखाली धूळ काळी दिसत होती. वास तर मला दार उघडताच आला होता.

साडू धावले नाहीत. पावलं मोजून टाकावीत तसे गेले, खिडकीपाशी थांबले.

"व्याही, किल्लीवरचा हात काढा."

"का?"

"आधी काढा. पोराला माझ्याकडे द्या. मग किल्ली मागे फिरवा. पुढे नाही, मागे."

"अहो, झालं काय? सकाळी तुम्हीच हुंगलीत ना? ही सारखी म्हणतेय वास येतो, वास येतो." त्यांनी विहीणबाईंकडे बोट केलं. "पायथ्यापासून कटकट. मी म्हटलं, नाकोजींच्या हातून आलेली गाडी आहे, तुझं नाक मोठं की त्यांचं? शेवटी सूनबाईला विचारलं. ती पण म्हणाली, नाही येत."

साडूंनी मुलीकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे त्या किल्लीवरच्या बोटांवर होते.

"माझं नाक गेलंय, व्याही," ते म्हणाले. "तापात गेलं. सकाळी मी काही हुंगलेलं नाही. गाडीत पेट्रोल गळतंय. स्टार्टरची एक ठिणगी पुरे होईल. पोराला द्या."

व्याह्यांचं हसणं तोंडावर तसंच राहिलं, आणि त्याच्यामागचा माणूस हळूहळू घाबरताना मी पाहिला. त्यांनी बोटं उचलली. पोरगं स्टीअरिंग सोडायला तयार नव्हतं, रडायला लागलं, त्याचा एक बूट खिडकीत अडकून आत पडला. साडूंनी त्याला ओढून घेतलं आणि न वळता पाठीमागे धरलं. मी घेतलं. मग किल्ली मागे फिरली आणि टकटक थांबली.

त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात फक्त थेंबांचा आवाज होता.

बराच वेळ कुणी जवळ गेलं नाही. साडूंनी सगळं थंड होऊ दिलं, वारा लागू दिला. मग बॉनेट उघडलं. मागचं भांडं बाहेरून ओलं होतं, आणि एक्झॉस्टच्या पाइपवर डाग होता, पेट्रोल पडून पुन्हा पुन्हा वाळल्याचा. त्यांनी सगळं पुसलं, नळी सोडली, मध्ये गेज जोडलं आणि इंजिन चालू न करता, फक्त पंपापुरती किल्ली मला फिरवायला सांगितली. चकतीवर अडीच होते. गेजची सुई पाचाच्या जवळ गेली आणि तिथेच थरथरत राहिली. व्याही मान पुढे काढून पाहत होते.

साडूंनी चकती मागे घेत घेत सुई अडीचावर आणली. पंप मंदावला. एखादीच टक, मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक टक. असं असायला हवं.

"झालं," ते म्हणाले. पण "न्या" म्हणाले नाहीत. विहीणबाईंनी तोवर आपली पिशवी माझ्या गाडीत ठेवून दिली होती. साडू मुलीकडे वळले. आल्यापासून पहिल्यांदाच.

"इकडे ये. तू वास घे."

ती आली. इंजिनावर वाकली. एका भांड्याशी, मग दुसऱ्याशी. डोळे मिटून घेतले तिने, अगदी बापासारखे.

"नाही येत, बाबा."

"नक्की?"

तिने डोळे उघडले. "सकाळी पहिल्या चढाला मला आला होता," ती म्हणाली. "अगदी स्पष्ट. पण मामंजींनी सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या बाबांनी हुंगलेली गाडी, सांग येतो का वास. मी काय सांगणार होते? नाही म्हटलं. बाळाला खिडकीकडे तोंड करून धरलं."

"ते झालं. आत्ताचं सांग."

"आत्ता नाही येत." मग ती म्हणाली, "पण मघाशीही मी हेच म्हटलं होतं."

व्याही खाली बघू लागले. साडूंनी बॅटरीची तार काढली, बॉनेट लावलं आणि दोन दगड चाकांना टेकवले. गेजवरची सुई बरोबर होती. गाडी चालली असती. तरी ती तिथेच कठड्याजवळ ठेवून आम्ही सगळे माझ्या गाडीत दाटीवाटीने बसलो आणि उतरायला लागलो. मेळाव्याचं नाव कुणी काढलं नाही. पोरगं एका बुटासाठी रडून रडून झोपलं.

साडू माझ्या शेजारी बसले होते. पहिल्या वळणावर त्यांनी हळूच विचारलं, "साडू, तुमच्या गाडीत वास येतोय का?"

"नाही," मी म्हणालो. "ह्या गाडीला कार्ब्युरेटर कुठला?"

त्यांनी मान हलवली. पुढच्या वळणावर पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा विचारताना ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, उत्तर ऐकण्याऐवजी ते वाचत असल्यासारखे. मला खरोखरच वास येत नव्हता. तरी मी काच खाली केली, आणि मागच्या सीटवर मुलीनेही तिच्या बाजूची केली.